सिम्युलेशनसाठी बेअरिंग ब्रॅकेटचं सॉलिड मॉडेल: आधी फेस ठरवा, मग माऊस धरा

ड्रॉइंगसाठी केलेलं मॉडेल वेगळं आणि सिम्युलेशनसाठी केलेलं मॉडेल वेगळं, हे नाशिकच्या सातपूर-अंबडला डिप्लोमा करून कॅडवर बसणाऱ्या पोरांना कुणी नीट बसवून सांगतच नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. ड्रॉइंगच्या मॉडेलमध्ये मशीनवरच्या माणसाला सगळं दिसायला पाहिजे, थ्रेड, चॅम्फर, कास्टिंगवरचा पार्ट नंबर, सगळं. सिम्युलेशनच्या, म्हणजे पार्ट लोडला टिकतो का हे कॉम्प्युटरवर तपासायच्या मॉडेलला मात्र लोड कुठल्या फेसवर (पृष्ठभागावर) येतो, पार्ट कुठल्या फेसवर धरलाय आणि स्ट्रेस, म्हणजे मटेरियलवर आतून येणारा ताण, कुठे वाचायचाय एवढंच कळायला हवं. हे तिन्ही फेस मॉडेलमध्ये वेगळे निवडता येत नसतील तर मॉडेल कितीही देखणं असलं तरी पुढे काम अडतंच.

उदाहरणाला आपल्याकडचाच पार्ट घेऊ. द्राक्षाच्या फवारणीचा ट्रॅक्टरवरचा ब्लोअर असतो ना, त्यात बेल्टवर फिरणारा शाफ्ट धरणारा बेअरिंग ब्रॅकेट. ऑक्टोबर छाटणी झाली की निफाड, पिंपळगाव, दिंडोरी सगळीकडे फवारण्यांची रांग लागते, आणि तेव्हाच ब्रॅकेटला क्रॅक जाऊन ब्लोअर उभा राहिला तर डाऊनी, म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग, काही थांबत नाही, त्यामुळे असा पार्ट अंदाजाने जाड करून सोडून देण्यापेक्षा एकदा नीट तपासलेला बरा.

मापं अशी धरू, सगळी मिमीमध्ये. बेअरिंग ६२०५, म्हणजे आतला व्यास २५, बाहेरचा ५२, रुंदी १५. बेस १६० बाय ६०, जाडी १४. तळापासून बोअरचा, म्हणजे बेअरिंग बसायच्या भोकाचा, सेंटर ७५ वर. उभा भाग ८० रुंद आणि २६ जाड, वरून ४० रेडियसने गोल केलेला. बोअर ५२ चा, १८ खोल, त्याच्यापुढे ४० चा आरपार, म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या रेसला टेकायला खांदा मिळतो. दोन एम१२ बोल्ट, सेंटरपासून दोन्हीकडे ६२ वर, भोक १३.५ चं, वरून २८ चा स्पॉटफेस, म्हणजे वॉशर बसायला मशीन केलेली सपाट जागा, १ मिमी खोल. मधोमध दोन्ही बाजूंना ८ मिमीची रिब, म्हणजे आधाराची पट्टी, आणि उभा भाग बेसला मिळतो तिथे ६ चा फिलेट, म्हणजे कोपऱ्याची गोलाई. मटेरियल एफजी २६० कास्ट आयर्न. ही मापं समजावण्यासाठी घेतलीयत, तुम्ही तुमच्या पार्टवर व्हर्नियर लावून तुमची काढा.

सॉफ्टवेअर मी फ्रीकॅड धरलंय. फुकट आहे, लायसन्सची भानगड नाही, साध्या लॅपटॉपवर चालतं, आणि मॉडेल, मेश (पार्टचे केलेले बारीक तुकडे, म्हणजे एलिमेंट), सॉल्व्हर (गणित सोडवणारा भाग) सगळं एकाच खिडकीत मिळतं, मेशला जीमेश आणि सॉल्व्हरला कॅल्क्युलिक्स. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये त्याचं १.० आलंय, शक्यतो तेच किंवा त्याच्या पुढचं घ्या, कारण आधीच्या व्हर्जनमध्ये मागचं एखादं माप बदललं की फेसचे नंबर उलटसुलट व्हायचे आणि पुढची फीचर्स तुटायची, तो त्रास १.० मध्ये बराच कमी झालाय. तुमच्याकडे सॉलिडवर्क्स, क्रिओ किंवा अ‍ॅन्सिस असेल तर बटणं बदलतील, विचार तोच राहील.

माऊस धरायच्या आधी एका कागदावर पार्टचं कच्चं चित्र काढा आणि त्यावर बाण मारा. बेल्ट शाफ्टला कुठल्या दिशेला ओढतो, शाफ्टच्या लांबीच्या दिशेने काही जोर येतो का, आणि ब्रॅकेट खाली कशावर बसलाय, चॅनेलवर की प्लेटवर. हा कागद नसेल तर पुढची अर्धी कामं दोनदा होतात. आमच्याकडे नवीन आलेला मुलगा सरळ स्केचमध्ये घुसतो, आणि लोड लावायच्या वेळेला अख्खा बोअर एकच फेस म्हणून सिलेक्ट होतो तेव्हा त्याला कळतं की अरे, आपल्याला फक्त अर्धाच पाहिजे होता.

आता युनिट. फ्रीकॅडमध्ये मिमी आधीच सेट असतं आणि ते स्वतः रूपांतर करतं, त्यामुळे तिथे फार काळजी नाही, फक्त किंमत टाकताना तिच्यापुढे युनिट लिहायची सवय ठेवा. पण अ‍ॅन्सिसच्या जुन्या, कमांडवर चालणाऱ्या एपीडीएलवर काम करत असाल तर त्याला युनिट म्हणजे काय हेच माहीत नसतं, तुम्ही टाकाल ते आकडे ते घेतं. लांबी मिमी आणि फोर्स न्यूटन धरला तर स्ट्रेस मेगापास्कलमध्ये येतो, आणि मग घनता टन प्रति घन मिमीमध्ये द्यावी लागते, कास्ट आयर्नला ७.२ गुणिले दहाचा उणे नववा घात. तिथे कुणी ७२०० टाकलं तर साध्या स्टॅटिक लोडला काही कळणार नाही, पण स्वतःचं वजन धरलं किंवा फ्रिक्वेन्सी काढायला गेलात की उत्तर पार हवेत जातं.

मॉडेलला सुरुवात करताना ओरिजिन कुठे ठेवायचा हे ठरवा. मी बेसच्या तळाच्या मधोमध ठेवतो, एक्स बोल्टच्या दिशेने, वाय शाफ्टच्या दिशेने, झेड वर. म्हणजे पार्ट वायझेड प्लेनच्या दोन्ही बाजूंना सारखा पडतो, आणि पुढे अर्धा कापायचा झाला तर प्लेन आयता तयार असतो. त्यानंतर एक स्प्रेडशीट उघडून मुख्य मापांना नावं द्या, बोअर, सेंटरची उंची, रिबची जाडी, फिलेट. स्केचमध्ये आकडा न टाकता ही नावं जोडा. सुरुवातीला थोडा वेळ जातो, पण पुढे रिब ८ ची १० करून बघायची असते तेव्हा हा वेळ वसूल होतो.

बेस सोपा आहे. पार्ट डिझाइनमध्ये बॉडी घ्या, एक्सवाय प्लेनवर १६० बाय ६० चा आयत ओरिजिनभोवती सिमेट्रिक करा, स्केच पूर्ण हिरवं झालं पाहिजे, मग १४ चा पॅड, म्हणजे स्केचला तेवढी जाडी द्यायची. स्केच हिरवं नसताना पुढे जाऊ नका, एखादी रेघ मोकळी राहिली तर नंतर माप बदलताना ती कुठेही सरकते. उभ्या भागाचं स्केच एक्सझेड प्लेनवर, खाली ८० रुंदीचा चौकोन आणि वर ४० चा अर्धगोल टँजंट करून, आणि २६ चा पॅड दोन्ही बाजूंना सारखा. इथे एक गोष्ट पाळा, स्केच नेहमी ओरिजिनच्या प्लेनला चिकटवा, आधी बनलेल्या फेसला नाही, फेस बदलला तरी स्केच जागचं हलत नाही. आणि स्केचची खालची रेघ बेसच्या वरच्या पातळीला नेमकी टेकवण्यापेक्षा बेसच्या आत ५ मिमी घुसवा, दोन सॉलिड एकमेकांत शिरलेले असले की जोड पक्का होतो, नुसते टेकवलेले असले की कधीकधी गणित अडकतं.

रिब वायझेड प्लेनवर काढा. दोन वेगळ्या रिब काढत बसू नका, एकाच स्केचमध्ये एका बाजूच्या टोकापासून दुसऱ्या बाजूच्या टोकापर्यंत उभ्या भागातून आरपार जाणारा आकार काढा, मधला भाग सॉलिडमध्ये विरघळून जातो आणि दोन्ही रिब एका पॅडमध्ये होतात. वर ४५ उंचीला उभ्या भागाला भिडू द्या, बोअरचा तळ ४९ वर आहे म्हणजे रिब त्याच्या खालीच राहते. खालचं टोक बेसच्या कडेपर्यंत शून्य करत नेऊ नका, वायमध्ये २८ वर थांबा आणि तिथे ३ मिमी उंची ठेवा. शून्य जाडीची धार मॉडेलमध्ये असली की मेशिंगला तिथे सुईसारखे एलिमेंट तयार होतात, आणि तसाही कास्टिंगमध्ये एवढा पातळ कोपरा नीट भरत नाही.

बोअर हा या मॉडेलचा खरा गाभा आहे, त्यामुळे इथे थोडं थांबू. बेल्ट ज्या दिशेला ओढतो त्या दिशेचाच अर्धा बोअर बेअरिंगकडून दाब घेतो, समोरचा अर्धा घेत नाही. म्हणजे लोड अर्ध्याच सिलिंडरवर लावायचाय. सरळ एक सर्कल काढून पॉकेट मारला, म्हणजे तेवढं मटेरियल कापलं, तर फ्रीकॅड अख्ख्या बोअरचा एकच फेस बनवतं आणि अर्धा निवडायला काही उरत नाही. म्हणून सर्कलच्या जागी दोन अर्धे आर्क काढा. सेंटरमधून एक कन्स्ट्रक्शन लाइन घ्या, तिचा कोन बेल्टच्या ओढीला काटकोनात ठेवा, आणि दोन्ही आर्कची टोकं त्या लाइनवर बांधा. ओढ सरळ खाली असेल तर लाइन आडवी, ओढ उभ्या रेषेपासून ३० अंश तिरकी असेल तर लाइनही आडव्यापासून ३० अंश तिरकी. या स्केचने १८ चा पॉकेट मारला की स्केचच्या प्रत्येक तुकड्याचा वेगळा फेस बनतो आणि बोअर दोन भागांत मिळतो.

पण फ्रीकॅडमध्ये रिफाइन नावाचं एक ऑप्शन आपोआप चालू असतं, ते एकाच सिलिंडरवरचे शेजारी फेस परत जोडून टाकतं, म्हणजे तुम्ही एवढी मेहनत करून दोन केलेत आणि त्याने पुन्हा एक केला. तेव्हा त्या पॉकेटच्या प्रॉपर्टीमध्ये रिफाइन बंद करा, आणि त्याच्यानंतर येणाऱ्या प्रत्येक फीचरमध्येही बंद करा, कारण पुढच्या एकातही चालू राहिलं तर तो जोडणारच. प्रेफरन्समध्ये पार्ट डिझाइनखाली हे आधीच बंद करून ठेवलं तर दर वेळी बघावं लागत नाही. एपीडीएलमध्ये हा प्रश्न येत नाही, तिथे पूर्ण सिलिंडर बनवला की त्याची बाजू आधीच १८०-१८० अंशाच्या दोन एरियांत विभागलेली असते, फक्त ती विभागणी तुमच्या ओढीच्या दिशेला धरून आहे का ते बघून वर्किंग प्लेन फिरवावा लागतो.

त्याच्यापुढचा ४० चा आरपार पॉकेट साध्या सर्कलने करा, त्यावर काही लोड नाही. त्या दोघांमधला रिंगसारखा खांदा मात्र लक्षात ठेवा, शाफ्टच्या दिशेचा जोर आला तर तो एका दिशेने याच फेसवर येतो. बेअरिंग, सर्क्लिप, शाफ्ट यातलं काहीही मॉडेल करू नका, आपल्याला ब्रॅकेट तपासायचाय.

बोल्टच्या भोकांना थ्रेड तर नकोच, ती १३.५ ची मोकळी भोकं आहेत. पण स्पॉटफेस नक्की ठेवा. कास्टिंगचा वरचा भाग खडबडीत असतो म्हणून वॉशर बसायला तो मशीन करतातच, आणि आपल्याला त्यातून बोल्टभोवतीचा रिंगचा वेगळा फेस फुकट मिळतो, पार्ट धरायला तोच लागतो. प्लेन बेसवर स्पॉटफेस नसता तर अख्खा बेस एकच फेस झाला असता आणि वॉशरची जागा दाखवायलाच मार्ग राहिला नसता.

फिलेट सगळ्यात शेवटी. आणि सगळीकडे नाही. उभा भाग बेसला मिळतो तो आतला कोपरा, तिथे ६ चा फिलेट हवाच, कारण स्ट्रेस तिथेच वाचायचाय आणि आतला कोपरा धारदार ठेवला तर मेश जितका बारीक कराल तितका स्ट्रेस वाढतच जातो, कधी थांबत नाही, त्या आकड्याला काही अर्थच नसतो. उलट बाहेरच्या कडांचे १ मिमीचे चॅम्फर, वरचा नाव कोरलेला भाग, पॅटर्नचा बारीक ड्राफ्ट हे सगळं काढून टाका, त्याने स्ट्रेस बदलत नाही आणि मेश उगाच फुगतो. फिलेट फेल झाला तर रिबच्या मुळाशी कडा कशा मिळतात ते बघा, बहुतेक वेळा तिथेच अडतो, मग रिबच्या कडा वेगळ्या फिलेटमध्ये घ्या.

कस्टमरकडून स्टेप फाइल आली असेल तर सुरुवात उलटी होते, तिथे घालायचं कमी आणि काढायचं जास्त. आयजीईएस मिळाली तर शक्यतो स्टेप मागून घ्या, आयजीईएसमध्ये बऱ्याचदा नुसते सरफेस येतात आणि त्यांच्या कडा जुळत नाहीत. एसटीएल तर सॉलिड नसतंच, त्रिकोणांची जाळी असते. खरं सांगायचं तर असा एवढा सोपा पार्ट असेल तर आलेल्या फाइलला दुरुस्त करण्यापेक्षा तिच्यावरून मापं घेऊन नवीन बांधणं लवकर होतं.

मॉडेल झालं की तपासा. पार्ट मेन्यूतलं चेक जॉमेट्री चालवा, एरर नको आणि सॉलिडची संख्या एकच यायला पाहिजे. एपीडीएलवाल्यांनी इथे जास्त सांभाळायचं, तिथे व्हीअ‍ॅडने दोन व्हॉल्यूम एक होतात, व्हीग्लूने वेगळे राहून मधला एरिया वाटून घेतात, आणि यातलं काहीच केलं नाही तर दोन व्हॉल्यूम एकमेकांत बसलेले दिसतात पण त्यांचा मेश जोडलेलाच नसतो, उभा भाग बेसपासून सुटा असल्यासारखा वागतो.

मग व्हॉल्यूम. आपल्या मापांनी हाताने बेरीज-वजाबाकी केली तर फिलेट सोडून साधारण २,७७,५०० घन मिमी येतात, फिलेट धरून २७९ घन सेंटिमीटरच्या आसपास. ७.२ ने गुणलं की वजन दोन किलोजवळ. पार्ट हातात असेल तर सरळ वजनकाट्यावर ठेवा. मॉडेलचं वजन आणि काट्यावरचं वजन यात थोडा फरक चालतो, कास्टिंग म्हटल्यावर तेवढं होतंच, पण मॉडेल दीड किलो दाखवत असेल तर कुठलं तरी माप चुकलंय, मेश करायच्या आधीच ते शोधा.

अर्धं मॉडेल करायचं का हा प्रश्न इथे येतो. पार्ट वायझेड प्लेनभोवती सारखा आहे, म्हणजे कापून अर्धा घेता येईल, रिब ४ मिमीची उरेल, कापलेल्या फेसवर एक्स दिशेची हालचाल बंद करायची आणि लोडही अर्धा करायचा, २००० न्यूटनच्या जागी १०००. पण हे फक्त ओढ त्याच प्लेनमध्ये असेल तेव्हा. बेल्ट बाजूला किंवा तिरका ओढत असेल तर पार्ट सारखा असूनही लोड सारखा नाही, तेव्हा पूर्णच घ्या. फ्रिक्वेन्सी काढायची असेल तरीही पूर्णच, अर्ध्यामध्ये डावी-उजवीकडे डोलणारे मोड, म्हणजे थरथरण्याचे प्रकार, दिसतच नाहीत. एवढ्या लहान पार्टला आताच्या लॅपटॉपवर पूर्ण मॉडेल चालतं, मला तर अर्धं करायची गरज क्वचितच वाटते.

मटेरियलमध्ये एफजी २६० ला इलॅस्टिक मॉड्युलस १,१०,००० मेगापास्कलच्या आसपास, पॉइसन रेशो ०.२६. डिफॉल्टला स्टील येतं, त्याचा २,१०,००० आहे, ते तसंच राहिलं तर ब्रॅकेट खऱ्यापेक्षा जवळपास दुप्पट कडक दिसतो. मेशला सेकंड ऑर्डरचे, म्हणजे दहा नोडचे (दहा बिंदूंनी बांधलेले) टेट्रा, चार बाजूंचे एलिमेंट, घ्या, चार नोडचे वाकताना फार कडक वागतात. साधारण ५ मिमी साइज, फिलेटवर वेगळं रिफाइनमेंट लावून दीड-दोन मिमी. एकदा सॉल्व्ह झालं की फिलेटवरचा साइज निम्मा करून परत चालवा, आकडा पाचेक टक्क्यांच्या आत राहिला तर ठीक.

धरायचं कुठे, याचं एकच बरोबर उत्तर नाही. तळाचा अख्खा फेस फिक्स केला तर ब्रॅकेट खऱ्यापेक्षा कडक होतो, कारण बाजूने ओढलं की बेसची एक कड थोडी उचलायला बघते आणि आपण ती खाली चिकटवून ठेवलेली असते. फक्त स्पॉटफेसच्या रिंग फिक्स केल्या तर खालच्या चॅनेलचा आधार नाहीसा होतो आणि तो जास्त मऊ होतो. दोन्ही चालवा, खरं उत्तर त्या दोघांच्या मध्ये असतं, आणि निर्णय घेताना वाईट आकडा धरा.

सॉल्व्ह करायच्या आधी एक हिशोब कागदावर करून ठेवा. २००० न्यूटन शाफ्टच्या दिशेने लागला असं धरा. बोअरचा सेंटर बेसच्या वरच्या पातळीपासून ६१ मिमीवर, म्हणजे मुळाशी मोमेंट १,२२,००० न्यूटन-मिमी. तिथला सेक्शन ८० बाय २६, रिब सोडून सेक्शन मॉड्युलस (तो सेक्शन वाकण्याला किती विरोध करतो त्याचा आकडा) ८० गुणिले २६ चा वर्ग भागिले ६, म्हणजे ९,०१३. स्ट्रेस येतो साडेतेरा मेगापास्कल. तोच लोड बोल्टच्या दिशेने आडवा लावला तर मॉड्युलस २७,७३३ आणि स्ट्रेस फक्त ४.४. म्हणजे हा ब्रॅकेट शाफ्टच्या दिशेला तिपटीने कमकुवत आहे आणि रिब त्या दिशेला का दिलीय ते यातून लगेच दिसतं. सॉफ्टवेअरमध्ये फिलेटवर थोडा जास्त आणि रिबमुळे बाकी ठिकाणी थोडा कमी येईल, ते चालतं, पण १३५ आला किंवा १.३ आला तर आधी लोड आणि युनिट बघा.

रिझल्ट वाचताना कास्ट आयर्नला व्हॉन मिझेस, म्हणजे सगळ्या दिशांचे स्ट्रेस मिळून काढलेला एक आकडा, बघू नका, तो स्टीलसारख्या ताणून लांब होणाऱ्या मटेरियलसाठी ठीक आहे. एफजी २६० ताणात २६० मेगापास्कलला तुटतं आणि त्याआधी वाकून इशारा देत नाही, दाबात मात्र त्याच्या कितीतरी पट सहन करतं, म्हणून मॅक्झिमम प्रिन्सिपल स्ट्रेस, म्हणजे कुठल्याही एका दिशेतला सगळ्यात मोठा, बघायचा आणि तो ताणाचा आहे की दाबाचा ते बघायचं. ब्लोअर दिवसभर थरथरत असतो, त्यामुळे २६० पर्यंत जागा आहे असं समजून चालणार नाही, बराच खाली राहायला पाहिजे.

मग रिब ८ ची १० करा, फिलेट ६ चा ८ करा, स्प्रेडशीटमध्ये आकडा बदलून रिकंप्युट मारा, पण रिब जाड झाल्यावर फिलेट अजून उभा आहे का, आणि फिलेट वाढवल्यावर तो स्पॉटफेसच्या रिंगवर चढला नाही ना, ते बघा. आपल्या मापात फिलेट ६ चा असताना त्याची कड सेंटरपासून ४६ वर येते आणि स्पॉटफेस ४८ पासून सुरू होतो, म्हणजे ८ चा करताच दोन्ही नेमके एकमेकांना टेकतात, तेव्हा बोल्ट ६५ वर सरकवा आणि बेसही ६ मिमीने लांब करा. दर बदलानंतर मेश नव्याने करा, आणि लोडच्या टॅबमध्ये जाऊन बोअरचा ओढीकडचा अर्धाच फेस अजून निवडलेला आहे ना हे डोळ्याने बघून मगच सॉल्व्ह दाबा.